मधुमेहाचे उपचार डॉक्टरांसोबत मिळून कसे ठरवावेत

मधुमेहाच्या औषधांचा खरा निर्णय अनेकदा दवाखान्यात होतच नाही, तो घरी होतो. डॉक्टर गोळी लिहून देतात, रुग्ण 'बरं' म्हणून उठतो. आठवडाभरात पोट बिघडायला लागतं आणि रात्रीची गोळी हळूच बंद होते. इन्सुलिनचं पेन आणलेलं असतं, ते फ्रिजच्या दारात तसंच पडून राहतं. तीन महिन्यांनी रिपोर्ट वाढलेला येतो. डॉक्टरांना वाटतं औषध कमी पडतंय, म्हणून ते डोस वाढवतात. रुग्ण पुन्हा 'बरं' म्हणतो. दोघांनीही आपापल्या परीने निर्णय घेतलेले असतात, पण एकमेकांना न सांगता.

या दोन निर्णयांचा एक निर्णय करण्याच्या पद्धतीला वैद्यकीय जगात 'शेअर्ड डिसिजन मेकिंग' म्हणतात. संशोधक ग्लिन एल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तिचे तीन टप्पे मांडले. इथे निवड करायची आहे हे आधी स्पष्ट करायचं, मग पर्याय फायद्या-तोट्यांसह समोर ठेवायचे, आणि रुग्णाला काय महत्त्वाचं वाटतं ते विचारात घेऊन ठरवायचं. त्याच वर्षी अमेरिकेच्या आणि युरोपच्या मधुमेह संघटनांनी टाइप २ या जास्त आढळणाऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या उपचारांबद्दल संयुक्त निवेदन काढलं. उपचार रुग्णाला केंद्रस्थानी ठेवून ठरवा, असंच त्यातही म्हटलं होतं. मधुमेहात याची गरज जास्त, कारण इथे उपचार राबवणारा माणूस रुग्ण स्वतःच असतो. डॉक्टरांची भेट वर्षातून काही वेळा, तीही काही मिनिटांची. गोळी, सुई, जेवण, चालणं, शुगर तपासणं हे रोजचं सगळं रुग्णालाच निभवायचं असतं.

आधी ओळखा: निवड कुठे आहे आणि कुठे नाही

टाइप १ मधुमेहात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, त्यामुळे ते घ्यायचं की नाही, यावर चर्चा होऊ शकत नाही. ते थांबलं तर किटोॲसिडोसिस होतो, म्हणजे रक्तात आम्ल साठतं, आणि जीव धोक्यात येतो. वाढलेल्या शुगरसोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर पर्यायांवर बोलत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. शुगर खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडला असेल तरीही तेच.

या गोष्टी सोडल्या तर बहुतेक ठिकाणी निवडीला जागा असते. एचबीए१सी या रक्ततपासणीचं उद्दिष्ट किती ठेवायचं, मेटफॉर्मिन या सहसा पहिल्यांदा दिल्या जाणाऱ्या गोळीनंतरचं दुसरं औषध कोणतं, इन्सुलिन आता सुरू करायचं की तीन महिने थांबून बघायचं, ते पेनने घ्यायचं की पंपाने, शुगर किती वेळा तपासायची, वजन आधी हाताळायचं की रक्तदाब, हे सगळं बोलून ठरवता येतं. टाइप १ मध्येसुद्धा इन्सुलिन कसं आणि केव्हा घ्यायचं यात बरीच मोकळीक असते. पुष्कळ रुग्णांना हे कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून ते विचारत नाहीत.

पायरी १: भेटीच्या आधीचा आठवडा

रोज सात-आठ वेळा बोट टोचून घ्यायची गरज नाही. एका जेवणाच्या आधी आणि त्याच जेवणाला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी, अशी जोडी तपासा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जेवणाची जोडी घ्या. नुसत्या सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यांपेक्षा अशा जोड्यांवरून गडबड कुठे आहे ते लवकर कळतं. आकड्याशेजारी दोन शब्द लिहा: 'जेवायला उशीर', 'झोप नाही', 'खूप चाललो'. तुम्हाला इन्सुलिन किंवा शुगर फार खाली नेऊ शकणारी गोळी चालू असेल, तर अस्वस्थ वाटेल तेव्हा वेळ न बघता तपासा.

आता एक कागद घ्या आणि चुकलेले डोस लिहा. सगळ्या तयारीत मी या कागदाला पहिला मान देईन. 'कधीकधी राहते' असं मोघम लिहू नका. 'रात्रीची मेटफॉर्मिन आठवड्यातून तीनदा राहते. घेतली की सकाळी दोन-तीनदा संडासला जावं लागतं आणि कामावर जायची बस चुकते' असं लिहा. या एका वाक्यामुळे डॉक्टरांचा पुढचा विचार बदलतो. त्यांना कळतं की औषध निकामी नाही, ते पोटात जातच नाहीये. मेटफॉर्मिनच्या पोटाच्या त्रासावर उपाय असतात: डोस कमी करून हळूहळू वाढवणं, जेवणासोबत घेणं, सावकाश विरघळणारी गोळी देणं. पण त्रास माहीतच नसेल तर डॉक्टर यातलं काहीच सुचवू शकत नाहीत.

शुगर लो झाल्याचे प्रसंगही लिहा: किती वाजता, मीटरवर किती, काय खाल्लं, किती वेळात बरं वाटलं. ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलेली शुगर 'लो' धरतात आणि ५४ च्या खालची गंभीर. असा एकही प्रसंग किरकोळ समजून गाळू नका.

घरात चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या. दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली, दुसऱ्या उपचारपद्धतीची, दुकानातून स्वतःच आणलेली, सगळी. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी शुगर बरीच वाढते; ती माहिती नसेल तर डॉक्टर मधुमेहाचं औषध उगाच वाढवून बसतील.

शेवटी कागदाच्या वरच्या बाजूला एकच ओळ लिहा: या भेटीत मला काय ठरवायचंय?

पायरी २: बोलायला सुरुवात

ती वरची ओळ बसल्याबसल्या वाचून दाखवा. अनेकजण रक्तदाब मोजून, चिठ्ठी लिहून होईपर्यंत गप्प बसतात आणि उठता उठता म्हणतात, 'डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं.' तोवर डॉक्टरांनी मनात पुढच्या रुग्णाची फाइल उघडलेली असते. त्यापेक्षा सुरुवातीलाच म्हणा, 'डॉक्टर, रात्रीच्या गोळीचं काहीतरी ठरवायचंय. मी ती नीट घेत नाहीये, कारण सांगतो.' कबुली देताना अपराध्यासारखं वाटायचं काही कारण नाही. तुम्ही डॉक्टरांना त्यांच्याजवळ नसलेली माहिती देताय.

पायरी ३: आधी उद्दिष्ट, मग औषध

बहुतेक भेटींमध्ये उडी थेट औषधावर पडते. आपण कुठे पोहोचायचंय हे आधी ठरलेलं बरं.

एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते, ती इथे मोजली जाते. ७ टक्के म्हणजे सरासरी शुगर साधारण १५४, ८ म्हणजे १८३. रक्तक्षय, मूत्रपिंडाचा जुना विकार, हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष, गरोदरपण किंवा नुकतंच चढवलेलं रक्त यांमुळे हा आकडा फसवा येऊ शकतो. मीटरवरचे आकडे आणि रिपोर्ट जुळत नसतील तर तसं विचारा.

बऱ्याच प्रौढांसाठी ७ च्या आत हे उद्दिष्ट सुचवलं जातं, आणि त्याला भक्कम आधार आहे. टाइप १ च्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या डीसीसीटी अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर आधी दोष नव्हता, त्यांच्यात कडक नियंत्रणामुळे तो होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पण त्याच अभ्यासात कडक नियंत्रणाच्या गटात शुगर गंभीररीत्या खाली जाण्याचे प्रसंग जवळपास तिप्पट झाले.

मग जितकं कमी तितकं चांगलं का? याचं उत्तर अॅकॉर्ड अभ्यासाने दिलं. त्यात टाइप २ चे १०,२५१ रुग्ण होते. वय जास्त, हृदयविकाराचा धोका मोठा. एका गटाचं उद्दिष्ट ६ च्या खाली होतं, दुसऱ्याचं ७ ते ७.९. कडक गटात मृत्यू जास्त दिसले, २०३ च्या तुलनेत २५७, म्हणून २००८ मध्ये त्या गटाचे कडक उपचार मुदतीआधीच थांबवले गेले. एकच आकडा सगळ्यांना लावता येत नाही हे तिथे स्पष्ट झालं.

म्हणून उद्दिष्ट माणूस बघून ठरतं. पस्तिशीतल्या, नुकतंच निदान झालेल्या, दुसरा आजार नसलेल्या माणसाला ६.५ सुद्धा योग्य असू शकतं, कारण त्याला पुढची अनेक वर्षं डोळे आणि मूत्रपिंडं सांभाळायची आहेत. धडधाकट ज्येष्ठाला ७ ते ७.५ चालतं. अनेक आजार असलेल्या, एकटं राहणाऱ्या, पडण्याची भीती असलेल्या आजींना ८ च्या आत पुरे. त्यांच्या बाबतीत पहाटेची एक लो शुगर आणि मोडलेलं खुब्याचं हाड हे ८ च्या आकड्यापेक्षा कितीतरी वाईट. गरोदरपणात याच्या उलट, उद्दिष्ट आणखी कडक असतं. तेव्हा डॉक्टरांना विचारा: 'माझ्यासाठी किती ठेवायचं, आणि तेवढंच का?' उत्तरातल्या दुसऱ्या भागाकडे नीट लक्ष द्या.

पायरी ४: पर्याय शेजारी-शेजारी ठेवा

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने या कामासाठी कार्डं तयार केली. त्यांची रचना मला फार आवडते, कारण प्रत्येक कार्डावर औषधाचं नाव नाही तर एकेक चिंता आहे: वजन, शुगर लो होणं, रोजची दिनचर्या, बोट टोचून तपासणं, दुष्परिणाम, खर्च, एचबीए१सी किती उतरेल. रुग्णाला विचारतात, 'यातलं आधी कोणतं बघूया?' तो वजनाचं कार्ड उचलतो आणि त्या कार्डावर सगळ्या औषधांची तुलना असते. कार्डं नसली तरी ही पद्धत तुम्हाला वापरता येईल. आपली सगळ्यात मोठी चिंता कोणती ते आधी सांगा.

टाइप २ मध्ये मेटफॉर्मिननंतरचं चित्र ढोबळमानाने असं आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या जुन्या, स्वस्त आणि परिणामकारक आहेत, पण त्यांनी शुगर फार खाली जाऊ शकते आणि वजन थोडं वाढतं. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या गटाचं औषध सौम्य: वजन तसंच राहतं, एकट्याने घेतलं तर शुगर सहसा लो होत नाही, एचबीए१सी मात्र साधारण अर्धा ते पाऊण टक्काच उतरतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. वजन थोडं घटतं आणि हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झालेल्यांना किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना त्यांचा शुगरपलीकडेही फायदा होतो. जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग हा त्यांचा नेहमीचा त्रास. त्याबद्दल बोलायला रुग्ण लाजतात आणि औषध गुपचूप सोडतात, म्हणून डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं बरं. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइडने वजन बरंच उतरतं आणि धोका जास्त असलेल्यांच्या हृदयालाही त्यांची मदत होते. सुरुवातीला मळमळ होते, बहुतेक वेळा सुई घ्यावी लागते आणि खर्च जास्त. पायोग्लिटाझोनने अंगावर सूज आणि वजन वाढू शकतं, हृदय कमजोर असेल तर ते टाळतात. इन्सुलिन सगळ्यात ताकदवान. त्याचा डोस हवा तसा कमी-जास्त करता येतो, पण शुगर लो होण्याची आणि वजन वाढण्याची शक्यता सोबत येते.

प्रत्येक पर्यायाबद्दल तीन प्रश्न विचारा. माझ्यापुढे कोणते पर्याय आहेत, आत्ता काहीच न बदलणं हा धरून? प्रत्येकाचे फायदे-तोटे काय? आणि माझ्यासारख्या माणसात ते होण्याची शक्यता किती?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नुसत्या टक्क्यांत आलं तर थांबा. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात कडक नियंत्रणामुळे बारीक रक्तवाहिन्यांची गुंतागुंत २५ टक्क्यांनी घटली, असं १९९८ मध्ये जाहीर झालं. ऐकायला मोठं वाटतं. तेच दुसऱ्या तऱ्हेने सांगायचं तर दर १,००० रुग्णांमागे वर्षाला साधारण ११ ऐवजी ९ जणांना ही गुंतागुंत झाली. दोन्ही विधानं खरी आहेत. पहिलं ऐकून माणूस घाबरून हो म्हणतो, दुसरं ऐकून विचार करून हो म्हणू शकतो. शिवाय मधुमेह कित्येक वर्षं सोबत राहणार असल्याने दरवर्षीचे ते दोन जण साठत जातात, हेही त्याला कळतं. म्हणून सरळ विचारा: 'डॉक्टर, माझ्यासारखे शंभर जण घेतले तर किती जणांना फायदा होईल आणि किती जणांना त्रास?'

पायरी ५: प्रत्यक्ष ठरवताना

समजा, रात्रपाळीला गाडी चालवणारे एक गृहस्थ आहेत. वय ५८, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, एचबीए१सी ८.२, लघवीतून थोडी प्रथिनं जाताहेत, म्हणजे मूत्रपिंडांवर परिणाम होत असल्याची खूण. डॉक्टर ग्लिमेपिराइड वाढवायच्या बेतात आहेत.

'डॉक्टर, गोळी वाढवायच्या आधी एक सांगू का? पहाटे चारच्या सुमाराला घाम फुटतो, हात थरथरतात.'

'मीटरवर बघितलंत?'

'दोनदा. एकदा ६२, एकदा ५८. मग हाताशी असेल ते खात सुटतो.'

'काका, हे मागच्या वेळी का नाही बोललात?'

'रिपोर्ट वाढलेला होता. म्हटलं, तुम्ही रागवाल.'

'बरं झालं आज बोललात. तुमची शुगर पहाटे खाली जाते, मग भरपूर खाल्लं की वर उसळते. मी हीच गोळी वाढवली असती तर धोका वाढला असता, आणि तुम्ही तेव्हा गाडीवर असता. आता दोन रस्ते दिसतात. ही गोळी बंद करून सौम्य गोळी द्यायची. शुगर थोडीच उतरेल, पण त्रास जवळजवळ नाही. किंवा लघवीवाटे साखर काढणारी गोळी. तुमच्या मूत्रपिंडांसाठी ती जास्त चांगली, पण लघवी वाढते आणि त्या जागी खाज सुटू शकते. स्वच्छता ठेवली तर धोका कमी होतो, आणि झालंच तर मलमाने बरं होतं.'

'रात्री गाडी मध्येच थांबवायला जमत नाही नेहमी.'

'आणि मूत्रपिंडांचं?'

'माझ्या मोठ्या भावाचं डायालिसिस चालू आहे. ते बघतोय मी रोज. दुसरीच द्या. थांबण्याचं काहीतरी जमवतो, नाहीच जमलं तर येऊन सांगतो.'

निर्णय कोणाच्या माहितीवर झाला बघा. मूत्रपिंडांचा फायदा डॉक्टरांना माहीत होता. पहाटेचा घाम, गाडी आणि भावाचं डायालिसिस त्या काकांनाच माहीत होतं. एखाद्याने अशाच परिस्थितीत सौम्य गोळी निवडली असती, तर तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरला असता.

लगेच ठरवता येत नसेल तर 'आठवडाभर विचार करून सांगतो' म्हणायला हरकत नाही. वर्षानुवर्षं चालायच्या औषधासाठी आठवडा फार नाही. आणि 'डॉक्टर, तुम्हीच ठरवा' असं म्हणणंही चालतं, मात्र आपली चिंता आणि अडचण सांगून झाल्यावर. सगळ्यांनाच निर्णयाचं ओझं नको असतं; पण डॉक्टरांनी ठरवताना तुमची माहिती त्यांच्याजवळ असायला हवी.

पायरी ६: उठण्याआधी

ठरलं ते स्वतःच्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगा: गोळी कोणती, केव्हा, कोणती बंद, शुगर किती झाली तर फोन करायचा. चूक असेल तर तिथेच सापडते. लो झाल्यास काय करायचं तेही पक्कं करा. नेहमीचा नियम म्हणजे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आणि पुन्हा कधी भेटायचं ते लिहून घ्या. एचबीए१सी तीन महिन्यांनी बघायला अर्थ आहे, दुष्परिणामांची विचारपूस मात्र दोन-तीन आठवड्यांत फोनवर झाली पाहिजे, कारण औषध सुटतं ते याच दिवसांत.

अडचणीच्या जागा

डॉक्टरांना वेळ नसेल तर एका भेटीत एकच निर्णय घ्या आणि कागद त्यांच्या हातात द्या. वाचायला अर्धं मिनिट पुरतं. काही ठिकाणी मधुमेह शिक्षक, आहारतज्ज्ञ किंवा नर्स असतात. पर्याय समजून घ्यायचं बरंचसं काम त्यांच्यासोबत होऊ शकतं.

सोबत आलेला मुलगा किंवा सून सगळं बोलून टाकते आणि रुग्ण शेजारी गप्प, हेही नेहमीचं. नातेवाईक बरोबर असावेत, स्वयंपाक आणि औषधांच्या वेळा त्यांनाही कळाव्यात. पण 'बाबा, तुम्हाला काय वाटतं?' हा प्रश्न आधी विचारला जाऊ द्या.

डॉक्टरांसाठीही एक गोष्ट. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्याचा निकाल दिला. त्यातली आई मधुमेही होती आणि चणीने लहान. मधुमेही मातांमध्ये प्रसूतीच्या वेळी बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता ९ ते १० टक्के असते, हे तिला सांगितलं गेलं नव्हतं. सांगितलं तर बायका सिझेरियन मागतील, असा डॉक्टरांचा विचार होता. खांदा अडकला आणि बाळाला कायमचं अपंगत्व आलं. रुग्णाला महत्त्वाचा वाटेल असा धोका आणि वाजवी पर्याय तिला सांगणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने म्हटलं. सांगितलं तर रुग्ण वेगळं ठरवेल अशी भीती वाटते, नेमकं तेव्हाच सांगणं सगळ्यात जरुरीचं असतं.

निर्णय पुन्हा कधी उघडायचा

ठरलेल्या तारखेची वाट न बघता पुन्हा बोलायला जावं असे काही प्रसंग आहेत. मूल हवं असेल तर गर्भधारणेच्या आधी, कारण काही औषधं तेव्हा बदलावी लागतात. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं किंवा लघवीत प्रथिनं दिसली तर. कामाची पाळी बदलली, वजन अचानक उतरलं, तोल जाऊन पडलात, लो होण्याची लक्षणं पूर्वीसारखी जाणवेनाशी झाली तर. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि पायांना मुंग्या येत असतील तर बी१२ जीवनसत्त्व तपासायला सांगा. त्या गोळीने ते कमी होऊ शकतं. औषधाचा खर्च झेपेनासा झाला तरी जा. अर्ध्या गोळ्या खाऊन दिवस ढकलण्यापेक्षा जुनी, स्वस्त गोळी नीट घेतलेली बरी, आणि ती कोणती हे डॉक्टर सांगू शकतात.

शस्त्रक्रिया ठरली तर शल्यचिकित्सकांना सगळ्या गोळ्यांची नावं द्या. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ती सहसा तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशी शरीरात शुगर फारशी न वाढताही किटोॲसिडोसिस होऊ शकतो. कधी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, या दोन्ही तारखा त्याच कागदावर लिहून घ्या.